वाट आणि वस्ती

हाँगकाँग म्हटले की उंच इमारती डोळ्यांपुढे येतात. परंतु त्याच्याच ईशान्य टोकाला, डोंगर आणि समुद्र यांच्या मध्ये, हक्का लोकांची जुनी खेडी आहेत. हक्का म्हणजे ‘पाहुणी कुटुंबे’. उत्तरेकडून पिढ्यान्‌पिढ्या सरकत आलेले शेतकरी. लाय ची वो, मुई त्सी लाम, कोप टोंग अशा सात गावांची तेथे जूट होती, आणि त्यांना जोडीत होत्या दगडी पायवाटा.

१९५०-६०च्या दशकांत बाहेरचा स्वस्त तांदूळ आला, भातशेती परवडेना. तरुण ब्रिटनमधील उपाहारगृहांत राबायला गेले. आम्हा कामगार चळवळीतल्यांना हा क्रम परिचयाचा आहे : आधी रोजगार जातो, मग माणूस, शेवटी वाट.

अलीकडे अशा वाटा पुन्हा मोकळ्या करण्यात येत आहेत. दगड सिमेंटवाचून एकमेकांत बसविले, म्हणजे सांध्यांतून पाणी निथळते. एखादी पायरी ढळली तर तेवढीच पुन्हा बसविता येते. हे कसबाचे काम आहे, आणि कसबाला दाम हवा.

पण वाट झाली म्हणजे गाव वसले असे नव्हे. लाय ची वो येथे २०१३ पासून हाँगकाँग विद्यापीठाने गावकऱ्यांसह पडीक खाचरे लागवडीखाली आणली. २०२० मध्ये युनेस्कोने त्या कामाचा गौरव केला. वाटेने येणाऱ्याने नुसते देखावे पाहून परतावे, यात गावाचे काय भले? तेथला तांदूळ विकला गेला पाहिजे. म्हणून आमचे म्हणणे एवढेच : वाटेवर पहिले फावडे मारतानाच, तिच्या टोकाला राहणाऱ्याची चूल कशावर पेटणार, हेही ठरवा.