वैमानिक जमिनीवर, विमान आभाळात

ड्रोनला आपण ‘वैमानिकाविना उडणारे विमान’ म्हणतो. हा शब्द फसवा आहे. वैमानिक असतोच, फक्त तो जमिनीवर, पडद्यासमोर बसलेला असतो. आणि माणूस आला की गफलतही आली.

२५ एप्रिल २००६ ची पहाट. अमेरिका-मेक्सिको सीमेवर पहारा देणारे ‘प्रिडेटर-बी’ अॅरिझोनातील नोगालेसजवळ कोसळले. ६६ फूट पंखांचे हे यान लष्करी जातीचेच, पण सीमासुरक्षा विभागाच्या ताब्यातले. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही.

नियंत्रण कक्षात हुबेहूब सारखी दोन टेबले होती. एकावर वैमानिक, दुसऱ्यावर कॅमेरा सांभाळणारा. एक बंद पडले तर दुसऱ्यावरून विमान चालवायचे. सोय चांगली, पण दोन्हींवरचा एक दांडा दुहेरी कामाचा. वैमानिकाच्या टेबलावर तो इंजिनाचे इंधन सांभाळी, कॅमेऱ्याच्या टेबलावर भिंगात येणारा उजेड. आपल्या घरात एकाच बटणाने कधी पंखा आणि कधी गॅस चालू-बंद होऊ लागला तर कसे होईल?

त्या रात्री वैमानिकाचा पडदा गोठला. त्याने ताबा दुसऱ्या टेबलाकडे दिला. आधी दोन्ही दांडे एका जागी आणायचे, असे तपासणी यादीत होते. ते राहून गेले. दुसरा दांडा इंधन बंद करण्याच्या जागी होता. इंजिन थांबले. विमानात बसलेल्या वैमानिकाच्या कानांना ती शांतता लगेच कळली असती. इथे विमान खाली येताना दिसत होते, कारण उमगत नव्हते. संपर्क तुटला की यान आपोआप १५,००० फुटांवर चढून ठरल्या मार्गाने फिरते, म्हणून त्याने संपर्कयंत्रणाच बंद केली. पण इंजिनच बंद, चढणार कसे? बॅटरी वाचवण्यासाठी यानाने आपली ओळख सांगणारे यंत्रही बंद केले आणि ते हवाई नियंत्रकांच्या रडारवरून नाहीसे झाले.

चौकशीत वैमानिकाची चूक नोंदवली गेली. पण आम्हा मास्तरांना सवय आहे: एकाच गणितात साऱ्या वर्गाचा घोटाळा होण्याची शक्यता दिसली की आधी प्रश्नपत्रिका तपासायची. चौकशीकर्त्यांनीही तेच केले. पडदे याआधीही वारंवार गोठत होते आणि दुरुस्ती झाली नव्हती. या जातीच्या यानावर वैमानिकाचा अनुभव अवघा २७ तासांचा. त्याच्याजवळ प्रशिक्षक हवा होता, तो कक्षात नव्हता. विभागाची देखरेखही अपुरी ठरली. अखेर राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने एकूण २२ शिफारशी केल्या.