मांढरदेवची जत्रा आणि आपल्या ट्रॉल्या



पौष महिना लागला की शेतकी खात्याकडे दोन निरोप हमखास येतात. एक, “आमची तोड लवकर द्या.” दुसरा मुकादमाचा, “पुनवेला टोळी फडात येणार नाही, काळूबाईला जायचंय.” त्यावर आम्ही कधी वाद घातला नाही. घातला असता तरी आमच्याच घरच्यांनी ऐकलं नसतं.

मांढरदेव वाई तालुक्यात, म्हणजे सातारा जिल्ह्यात. पण भोरहून अंबाडखिंडीचा घाट चढला की आपण गडावर, त्यामुळं भोर-वेल्ह्याच्या माणसाला ती घरचीच जत्रा वाटते. देवस्थान समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचार हजार फुटांवर. देवीनं इथं लाख्यासुराला मारलं, अशी कथा सांगतात. पौष शुद्ध चतुर्दशीच्या रात्री जागर आणि पौर्णिमेला मुख्य यात्रा. काळूबाईसोबत गोंजीबुवा आणि मांगीरबाबा यांनाही मान असतो.

पूर्वी लोक पायवाटेनं चढायचे. चढायला दम लागायचा, म्हणून गर्दीही बेतानं पोहोचायची. पुढं डांबरी सडक झाली, एस.टी., ट्रक, टेम्पो थेट डोंगरावर जाऊ लागले. माणसं लाखांनी वाढली, पण देवळाकडं जाणारी वाट तेवढीच अरुंद राहिली आणि तिच्या दोन्ही अंगांना दुकानं दाटली. आमच्या मते खरं दुखणं हेच होतं.

२५ जानेवारी २००५. पौर्णिमा आणि त्यातच देवीचा वार, मंगळवार. फोडलेल्या नारळांच्या पाण्यानं पायऱ्या निसरड्या झालेल्या. काही माणसं घसरून पडली, मागून रेटा चालूच. मग दुकानांना आग लागली, गॅसच्या टाक्या फुटल्या. सुमारे तीनशे माणसं गेली, त्यांत बायाबापड्या आणि पोरं फार. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन होता. झेंड्याखाली उभं राहून लोक एकमेकांना “तुमचं कोण गेलं होतं का?” एवढंच विचारत होते.

शासनानं न्यायमूर्ती कोचर आयोग नेमला. त्यानंतर यात्रेचं रूप पालटलं. पशुहत्या, देवळाच्या परिसरात नारळ फोडणं, तेल वाहणं, झाडांना लिंबू-बाहुल्या ठोकणं यांवर दरसाल बंदीचे आदेश निघू लागले. २०२१ साली कोरोनामुळं यात्राच भरली नाही. बंदीबद्दल जुन्या मंडळींची कुरकुर आम्ही ऐकली आहे. नवस फेडायचा कसा, असं ती विचारतात. पण ज्यांनी त्या मंगळवारी माणूस गमावलं, त्यांच्यापुढं हा प्रश्न कुणी काढत नाही.

आता आपल्या घरचं. ऊस वाहायची ट्रॉली जत्रेला माणसं भरून नेण्यासाठी नाही. घाटात उतारावर ट्रॉली मागून ट्रॅक्टरला ढकलते, चाकं वळणावर ऐकत नाहीत. रिकामी ट्रॉली हलकी म्हणून धोका कमी, हा समज साफ चुकीचा आहे. एस.टी.च्या जादा गाड्या असतात, त्यांनी जावं. रात्री रस्त्यावर उभ्या ट्रॉलीला मागं लाल परावर्तक लावलेला हवाच, कारण त्या रात्री माणसं अंधारात पायी चालत असतात.

आणि टोळी जाणार हे आधी माहीत असतं, तेव्हा चतुर्दशीला जादा ऊस तोडून फडात टाकू नये. तोडलेला ऊस चोवीस तासांच्या आत गाळपाला गेला पाहिजे. दोन दिवस वाळला की वजनही जातं, उताराही. टोळी परत येण्याचा दिवस मुकादमाकडून पक्का करून चिटबॉयला कळवा, म्हणजे गटाचा तोडणी कार्यक्रम त्याप्रमाणे बसवता येईल.