न बांधलेल्या यंत्राची चिंता

मध्यमवर्गीय घरातला बेत तो किती पुढचा असणार? मुलांच्या शिक्षणाची काळजी दहा वर्षे आधी लागते, विम्याचे हप्ते वीस वर्षे चालतात आणि घराचे कर्ज फिटता फिटता डोक्यावरचे केस पांढरे होतात. त्याहून पुढचे पाहणाऱ्याला आपण एक तर द्रष्टा म्हणतो, नाही तर रिकामटेकडा! परंतु वाचकहो, आज जगात असे कित्येक शास्त्रज्ञ आहेत, की जे २०७० सालानंतर सुरू व्हावयाच्या यंत्राचे आराखडे आखण्यात गढून गेले आहेत. त्यांतल्या बहुतेकांना ते यंत्र चालू झालेले पाहावयास मिळणार नाही, आणि हे त्यांना पक्के ठाऊक आहे.

हे यंत्र आहे मूलकणांची टक्कर घडवून आणणारे. नारळात पाणी आहे की नाही, हे तो कानाशी हलवून कळते. पण आतले खोबरे पाहावयाचे तर नारळ फोडावाच लागतो. अणूच्या पोटातल्या कणांचेही तसेच. मात्र येथे नारळाहून एक नवल अधिक आहे. टकरीच्या शक्तीतून आधी नसलेले कणही जन्मास येतात! जिनीव्हाजवळ, स्वित्झर्लंड आणि फ्रान्स यांच्या सरहद्दीवर, सर्न या संस्थेचा २७ किलोमीटर परिघाचा वर्तुळाकार बोगदा जमिनीखाली आहे. त्यातल्या यंत्राची पहिली गंभीर चर्चा १९८४ साली झाली, आणि यंत्र सुरू झाले २००८ साली. हिग्ज कणाचे भाकीत १९६४ सालचे. तो सापडल्याची घोषणा झाली ४ जुलै २०१२ रोजी. भाकीत करणारा तरुण तोवर म्हातारा झाला होता.

आता सर्नने याहून मोठा संकल्प सोडला आहे. सुमारे ९१ किलोमीटर परिघाचे नवे कडे! आमच्या वऱ्हाडी हिशेबाने सांगायचे, तर अकोला आणि बार्शीटाकळी ही दोन्ही गावे त्याच्या पोटात सहज मावतील. २०२५ साली या योजनेच्या शक्याशक्यतेचा सविस्तर अहवाल प्रसिद्ध झाला. पहिल्या टप्प्याचा अंदाजी खर्च सुमारे १५ अब्ज स्विस फ्रँक. त्यात इलेक्ट्रॉन आणि त्याचा प्रतिकण पॉझिट्रॉन यांच्या टकरी घडवून हिग्ज कणाचा बारकाईने अभ्यास करावयाचा. हे काम २०४० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू व्हावे अशी अपेक्षा आहे. त्याच बोगद्यात प्रोटॉनच्या प्रचंड टकरी व्हावयाच्या, त्या २०७० च्या पुढे.

असले दूरचे बेत फक्त गोऱ्या लोकांनीच करावेत, असे मात्र कोणी समजू नये. न बांधलेल्या यंत्राची चिंता आयुष्यभर वाहणारी एक विदुषी आपल्या पुण्याची होती. डॉ. रोहिणी गोडबोले यांचा जन्म १९५२ सालचा. त्यांच्या शाळेत सातवीपर्यंत मुलींना विज्ञानाऐवजी गृहशास्त्र शिकवीत. तेथून निघून सर परशुरामभाऊ महाविद्यालय, मुंबईची आय. आय. टी. आणि मग अमेरिकेत पीएच. डी., असा त्यांचा प्रवास झाला. पुढे त्या मायदेशी परतल्या आणि मुंबई विद्यापीठात शिकवू लागल्या.

त्यांनी काय केले, ते समजून घेण्यासारखे आहे. इलेक्ट्रॉन हा हलका कण. त्याला वळणावर फिरवले, की तो प्रकाशाच्या रूपाने शक्ती सांडत जातो. म्हणून काहींनी सुचवले, की वर्तुळ नकोच. सरळ बोगदा करावा. एका टोकाकडून इलेक्ट्रॉन, दुसऱ्या टोकाकडून पॉझिट्रॉन, आणि मधोमध टक्कर. पण वर्तुळात चुकलेल्या कणाला पुन्हा पुन्हा संधी मिळते. सरळ वाटेवर गाठ पडायची ती एकदाच. तेव्हा टकरी भरपूर व्हाव्यात म्हणून कणांचे झुबके अतिशय बारीक आणि दाट करावे लागतात. इलेक्ट्रॉनची टक्कर स्वच्छ, तिच्यात फारसा कचरा उडत नाही, अशी सर्वांची समजूत होती.

१९९१ साली मान्युएल ड्रेस आणि रोहिणी गोडबोले यांनी या समजुतीला धक्का दिला. एवढे दाट झुबके समोरासमोर आले, की एकमेकांच्या प्रभावाने कण किंचित वाकतात आणि वाकताना तीव्र प्रकाश फेकतात. हे प्रकाशकण आपापसांत आदळून इतर कणांचा एवढा धुरळा उडवू शकतील, की पाहावयाचे तेच झाकले जाईल! गृहिणींच्या भाषेत सांगायचे, तर तांदूळ निवडायला बसावे आणि शेजारी कोणी पाखडणे सुरू करावे, तशातला हा प्रकार. झुबक्यांची रचना बेतताना तेव्हापासून या धुरळ्याचा हिशेब धरावा लागतो, आणि त्या परिणामाशी एका मराठी बाईचे नाव कायमचे जोडले गेले आहे.

येथे एक प्रश्न उभा राहतो, आणि तो आमच्या वर्गातली मुले स्पष्टपणे विचारतात. “सर, इथे उन्हाळ्यात पाण्याला मोताद व्हायचे, अन् कण फोडायला एवढा पैसा?” हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. अमेरिकेने तो स्वतःलाच विचारला. टेक्सासमध्ये ८७ किलोमीटरचे कडे खोदावयास घेतले होते. सुमारे दोन अब्ज डॉलर खर्ची पडल्यावर १९९३ साली तेथील काँग्रेसने काम बंद पाडले. जपानात उभारावयाच्या सरळ यंत्राचा आराखडा २०१३ साली पुरा झाला. अजून कुदळ पडलेली नाही. एकच अजस्र यंत्र हवे की लहान लहान अनेक प्रयोग, यावर खुद्द शास्त्रज्ञांतही कडाक्याचे वाद आहेत.

आपलाही त्यात वाटा आहे. सर्नच्या चालू यंत्रातली प्रचंड चुंबके ज्या जॅकांवर अचूक तोलून धरली आहेत, ते जॅक भारतात तयार झाले. २०१७ च्या जानेवारीत भारत सर्नचा सहयोगी सदस्य झाला. आणि फार दूर कशाला? बार्शीटाकळीवरून जाणारा लोहमार्ग वाशीमवरून हिंगोलीस जातो. त्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वलहरी टिपणारी चार-चार किलोमीटरच्या दोन भुजांची वेधशाळा उभारावयाची आहे. २०२३ साली केंद्राने तिला सुमारे २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. म्हणजे हा प्रश्न आता जिनीव्हाचा राहिला नाही. आपल्या उंबऱ्याशी आला आहे.

त्याचे उत्तर माझ्या मते एवढेच, की पाणी आणि ज्ञान यांना एकमेकांच्या सवती करू नये. पाण्याची सोय हा आजचा धर्म आहे. तो चुकवून विज्ञानाचे मनोरे बांधणे शोभणार नाही. पण केवळ आजच्यापुरते जगणाऱ्या समाजाला उद्याचे पाणी शोधणारेही मिळत नाहीत. आमच्या गावचे काळंका देवीचे हेमाडपंती देऊळ ज्यांनी उभारले, त्यांनी स्वतःच्या हयातीपुरताच विचार केला असता, तर एवढा दगड घडवलाच नसता.

रोहिणीताई २५ ऑक्टोबर २०२४ रोजी, दिवाळी तोंडावर आली असताना, पुण्यात निवर्तल्या. १९९५ पासून त्यांचे कार्यक्षेत्र बंगलोरची भारतीय विज्ञान संस्था होते. २०१९ साली त्यांना पद्मश्री मिळाली. भारतीय स्त्री-शास्त्रज्ञांच्या कहाण्यांचे एक पुस्तकही त्यांनी सहसंपादित केले, ते पुढच्या मुलींसाठी. ज्या सरळ यंत्रासाठी त्यांनी इतका विचार केला, ते त्यांच्या डोळ्यांदेखत उभे राहिले नाही. आज घराघरांत फुलबाज्या उडवणारी दहा वर्षांची मुले, जिनीव्हाचे नवे कडे सुरू झालेच, तर तिशीत असतील. त्यांपैकी एखादी मुलगी वऱ्हाडातून तेथे पोहोचावी, असे वाटत असेल, तर तिच्या शाळेत प्रयोगशाळा आहे की नाही, याची चौकशी आपण याच वर्षी केली पाहिजे.