पत्ता कोणी लिहायचा? (लेखांक ६)
स्क्रिप्टची पहिली ओळ आपण सहसा वाचतच नाही. हॅश, उद्गारचिन्ह आणि पुढे '/बिन/बॅश'. फाइल कोणत्या प्रोग्रामच्या हाती द्यायची हे कर्नल या ओळीवरून ठरवतो. लिनक्सवर बिनबोभाट चालणारी ही फाइल फ्रीबीएसडीवर नेली, की 'अशी फाइल नाही' असं उत्तर मिळतं. फाइल तर डोळ्यांसमोर असते! सापडत नसतो तो बॅश. फ्रीबीएसडीच्या मूळ प्रणालीत तो येत नाही. वेगळा बसवला की '/यूएसआर/लोकल/बिन'मध्ये जातो. ॲपलनेही मार्च २०२२ मध्ये मॅकओएस १२.३ मधून पायथन २.७ काढून टाकला आणि '/यूएसआर/बिन/पायथन' हा पत्ता धरून बसलेल्या स्क्रिप्ट एका अपडेटसरशी बंद पडल्या. फार काय, '/बिन/एसएच' याच जागी मानक शेल असेल असं गृहीत धरू नका, असं खुद्द पॉझिक्स मानकच सांगतं. म्हणून स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने प्रोग्रामचं फक्त नाव लिहावं आणि तो शोधण्याचं काम यंत्राच्या 'पाथ'वर, म्हणजे फोल्डरांच्या क्रमवार यादीवर सोपवावं, असं माझं मत आहे. पहिल्या ओळीत '/यूएसआर/बिन/एन्व्ह' लिहून पुढे 'बॅश' लिहितात ते याचसाठी. (एन्व्हचा पत्ताही ठोकलेलाच, हे खरं, पण तो बॅशच्या पत्त्याइतका जागा बदलत नाही.)

यावर सुरक्षेचा आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. पाथच्या सुरुवातीला चालू फोल्डर दाखवणारा टिंब असेल आणि सामायिक फोल्डरमध्ये कोणी 'एलएस' नावाची स्वतःची फाइल ठेवली असेल, तर 'एलएस' लिहून फाइलींची यादी पाहायला गेलेला माणूस तीच चालवून बसतो. रूटच्या अधिकाराने चालणाऱ्या कामात हा धोका पत्करता येणार नाही. पण तिथेही प्रत्येक आज्ञेपुढे पत्ता चिकटवण्याची गरज नसते. पाथ वापरकर्त्याकडून जसाच्या तसा न घेता आपणच ठरवून द्यायचा. सुडोमधली 'सिक्युअर पाथ' ही सोय हेच करते.

दुसरा आक्षेप असा की निक्ससारखी पॅकेज-व्यवस्था तर मुद्दाम पूर्ण पत्ते लिहिते. लिहिते, पण कधी? पॅकेज बांधताना, कोणती वस्तू कुठे ठेवली आहे हे पक्कं कळल्यावर. पायथनच्या आभासी वातावरणातली 'पिप'ची फाइल उघडून पाहा: पहिल्या ओळीत तिथल्याच पायथनचा पूर्ण पत्ता असतो, आणि तो बसवणाऱ्या प्रोग्रामने लिहिलेला असतो. फोल्डर हलवला की ती मोडते, पण पुन्हा बसवली की नवा पत्ता आपोआप येतो. मूळ लेखकाने घरी बसून लिहिलेल्या पत्त्याला अशी दुरुस्ती नसते.

ठरलेल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या क्रॉनचं दुखणं मात्र नेहमीचं. टर्मिनलवर नीट चालणारं काम रात्री क्रॉनमधून चालत नाही, कारण तिथला पाथ बहुधा '/यूएसआर/बिन' आणि '/बिन' एवढाच असतो. वैतागून लोक स्क्रिप्टभर पूर्ण पत्ते टाकत सुटतात. त्यापेक्षा क्रॉनटॅबच्या डोक्यावर पाथची एक ओळ लिहावी. यंत्र बदललं तर तेवढीच बदलावी लागते.