जुन्या ट्रकचे इंजिन : अंगणातील काम आणि लेथवरील काम

आमच्या विद्यालयातून शिकून गेलेले अनेक विद्यार्थी आज मालवाहतुकीच्या व्यवसायात स्थिरावले आहेत. मुंबई-कोलकाता महामार्ग आपल्या जिल्ह्यातून भंडारा, लाखनी, साकोली असा जातो, आणि धानाच्या हंगामात ट्रकला उसंत नसते. मात्र बहुतेकांचा पहिला ट्रक जुना असतो. त्याचे इंजिन थकले की कर्जाचा हप्ता, मुलांचे शिक्षण आणि घरखर्च हे सारे एकदम अडते. अशा वेळी घाईने घेतलेला निर्णय महाग पडतो. म्हणून हा विषय येथे मांडत आहोत.

१९५४ साली टाटांनी डेमलर-बेंझ या जर्मन कंपनीशी करार करून जमशेदपूर येथे ट्रकचे उत्पादन सुरू केले. त्याच परंपरेतील ‘६९७’ हे इंजिन आपल्या रस्त्यांवर दीर्घकाळ धावले. सहा सिलिंडर आणि प्रत्येकाचा व्यास ९७ मिलिमीटर, असा त्या आकड्याचा अर्थ. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा दाबून तापते आणि त्या उष्णतेने इंधन पेटते. रिंग व लायनर झिजले की हा दाब निसटतो. परिणामी थंडीच्या सकाळी गाडी लवकर सुरू होत नाही, चढावर दम टाकते आणि ऑइल खाते.

परंतु प्रत्येक धूर म्हणजे इंजिनाचा अंत नव्हे. काळा धूर बहुधा तुंबलेल्या एअर फिल्टरचा वा बिघडलेल्या नोझलचा असतो. तेथे इंजिन खोलण्याची गरज नसते. निळसर धूर ऑइल जळत असल्याचे सांगतो. ऑइल भरण्याच्या तोंडातून जोराने वाफ येत असेल, सर्व सिलिंडरांचे कॉम्प्रेशन मोजल्यावर ते कमी भरत असेल, तरच इंजिन खोलण्याचा विचार करावा.

पुष्कळ काम घरच्या अंगणात होऊ शकते : हेड उतरविणे, चेंबर काढणे, पिस्टन बाहेर घेणे, भाग धुणे. मात्र कनेक्टिंग रॉडच्या टोप्यांवर क्रमांक घालावेत. त्यांची अदलाबदल कधीही होऊ नये. संपूर्ण इंजिन उतरवायचे असेल, तर चेनपुली मजबूत लोखंडी तिपाईलाच टांगावी. घराच्या आढ्याला वा झाडाच्या फांदीला टांगलेले इंजिन जिवावर बेतू शकते. शेजारी मळणी सुरू असताना इंजिन उघडे ठेवू नये, कारण धानाची धूळ नव्या रिंगाही खाऊन टाकते. काढलेले जुने ऑइल बोडीत वा तलावाच्या काठी ओतू नये; डब्यात साठवून भंगारवाल्याकडे द्यावे.

याउलट झीज नेमकी किती, हे डोळ्यांनी ठरत नाही. लायनरची सर्वाधिक झीज वरच्या टोकाजवळ, रिंग जेथून परत फिरते तेथे होते; ती बोअर गेजने मोजावी लागते. लायनर बसविणे, बोअर करणे, क्रँक घासून पाव वा अर्धा मिलिमीटर कमी करणे आणि त्या मापाच्या बेअरिंगा निवडणे ही कामे लेथवाल्याचीच. क्रँक निर्दोष असेल, तर केवळ रिंग, पिस्टन व लायनरचे ‘हाफ इंजिन’ पुरते. ब्लॉकला तडा असेल, तर मात्र इंजिन बदलण्याचा हिशेब करावा.

इंजिन बदलताना एक गोष्ट विसरू नये. इंजिनाचा क्रमांक नोंदणी पुस्तकात असतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार बदलापूर्वी परिवहन कार्यालयाची परवानगी घेऊन नोंद करून घ्यावी. जुने इंजिन विकत घेताना त्याचे बिल व मूळ कागद मागावेत. अन्यथा चोरीच्या मालाचा संशय आपल्यावर येतो.

इतिहासाच्या अभ्यासकास नोंदीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. ट्रकचेही तसेच आहे. कोणत्या दिवशी, किती किलोमीटरवर, कोणते माप आले आणि कोणता भाग बदलला, हे एका वहीत लिहावे. आपले कुशल मिस्त्री कानाने दोष ओळखतात; त्या कौशल्याला मापाची व वहीची जोड मिळाली, तर घरातील कमावत्याचा पैसा वाचेल. पालकांनी ही वही मुलांकडून लिहवून घ्यावी, अशी आमची विनंती आहे. व्यवसाय आणि शिक्षण दोन्ही त्यातून एकत्र शिकता येतील.