वाघरीतली रात्र

सुप्याच्या माळालगतच्या रानात दिवस बुडाला तेव्हा धनगरवाड्यातल्या बाया वाघर उलगडत होत्या. वाघर म्हणजे दोरीचं विणलेलं जाळं, जेमतेम कमरेएवढं. ठरावीक अंतरावर मेढ्या ठोकायच्या, जाळं ताणून अडकवायचं, की दीड-दोनशे मेंढरांची रातची सोय झाली. शेतकऱ्याला लेंडीखत हवं, धनगराला त्याबदल्यात धान्य किंवा पैसे. दोन-चार रात्रींनी रान बदलतं. त्यामुळे कुंपण घोड्यावर लादता येईल असंच लागतं.

मी जाळं दाबून पाहिलं. लांडगा सहज उडी मारील, असं म्हणालो.

"त्याला अडवाया न्हाई ही," वाड्यातले मामा म्हणाले. "मेंढरं फुटू नयेत म्हून."

लांडग्याची चाहूल लागताच मेंढरं उधळतात आणि अंधारात पांगलेली मेंढी त्याच्या तावडीत सापडते. वाघरीत ती एका जागी राहतात. कुत्री भुंकतात, तेवढ्यात माणूस काठी घेऊन पोचतो. खरी राखण कुत्र्यांची आणि जागरणाची. कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा होता, कारण लांडगा नरडं धरतो. कोकरं मामांच्या बायकोच्या, म्हणजे मामींच्या उशाशी, डालग्याखाली.

मध्यरात्रीनंतर कुत्री एकदम ओढ्याकडे धावली. मेंढरं एकमेकांत घुसली, वाघर फुगली, एक मेढी वाकली. मामींनी ती दोन्ही हातांनी धरून ठेवली. मामांनी हाळी दिली, बॅटरी फिरवली. पाच-सहा डोळे चमकले आणि विझले.

"लांडगं न्हवं. गावची कुत्री."

त्यांच्या आवाजात मला जास्त भीती जाणवली. लांडगा बहुधा एखादं जनावर उचलतो. मोकाट कुत्र्यांची टोळी घुसली तर दहा-बारा मेंढरं फाडते आणि तशीच टाकून जाते. लांडग्यानं मारलेल्या मेंढीची भरपाई पंचनाम्यानंतर वनखात्याकडून मिळू शकते, या कुत्र्यांनी मारलेल्या मेंढीची नाही. पूर्वी लांडग्याच्या बिळात धूर करून पिल्लं मारत. १९७२च्या वन्यजीव कायद्यानं लांडग्याला संरक्षण आहे आणि ते असायलाच हवं. मोकाट कुत्र्यांचा धोका लांडग्यालाही आहे; पुणे जिल्ह्यात तर लांडगा-कुत्र्याचा संकरही आढळलाय. बंदोबस्त करायचा तो कुत्र्यांचा: त्यांची नसबंदी आणि लसीकरण व्हावं, पोल्ट्रीतल्या मेलेल्या कोंबड्या उघड्यावर पडू नयेत. एकट्या वाड्याच्या हातातलं हे काम नव्हे.

उजाडलं तेव्हा मामी वाघरीच्या तुटलेल्या गाठी बांधत होत्या. मामा वाकलेली मेढी दगडानं सरळ करत होते. घोडं तयार होतं.