स्वस्त वॉकीटॉकी : आधी फ्रिक्वेन्सी विचारा, मग भाव

मोबाइल प्रत्येकाच्या खिशात आला तरी वॉकीटॉकीचा शौक काही कमी झालेला नाही. उलट तो आता खेड्यापर्यंत पोचला आहे. पणदऱ्यासारख्या गावातली मुले मोबाइलवर व्हिडिओ पाहतात आणि दोन-तीन हजारांत मिळणारा चिनी सेट घरपोच मागवण्याचा बेत करतात. चहूकडे ऊस, मधून नीरा डावा कालवा, वस्त्या रानात विखुरलेल्या. एका वस्तीवरून दुसऱ्या वस्तीवर फुकटात बोलता आले तर कोणाला नको आहे? शौकाला मोल नसते हे खरे, पण माल घेताना हिशेब करावाच लागतो. या मालाची गोम अशी की सेट विकत घेतला म्हणून त्यावर बोलण्याचा हक्क मिळत नाही. आमच्या कापडाचे तसे नाही. थान घेतले, पैसे चुकते केले, मग त्याचा सदरा शिवा नाहीतर पडदा करा, कोणी विचारणार नाही.

वडीलधाऱ्या वाचकांना आठवत असेल, एके काळी नुसते गाणे ऐकण्याच्या रेडिओलासुद्धा पोस्टात पैसे भरून लायसन्स घ्यावे लागे. ते लायसन्स गेले, पण बोलणाऱ्या रेडिओचे गेले नाही. १८८५ चा तार कायदा आणि १९३३ चा वायरलेस कायदा यांनी घालून दिलेला नियम असा की परवान्याशिवाय असे यंत्र वापरणेच काय, जवळ बाळगणेही गुन्हा. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानेही तेच तत्त्व कायम ठेवले आहे. एखाद्या नाक्यावर मुलाची बॅग उघडली गेली आणि त्यात बिनपरवान्याचा वायरलेस सेट निघाला, तर हा निव्वळ शौक होता हे पटवून देण्यात बापाचे किती दिवस आणि किती पैसे जातील याचा अंदाज ज्याचा त्याने करावा. आपल्या समाजातल्या पालकांना याची जास्त फोड करून सांगायला नको.

दुकानदार म्हणतो, "ऑनलाइन उघड विकतात, मग बेकायदा कसे?" हा युक्तिवाद फसवा आहे. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने याच कारणासाठी ऑनलाइन विक्री करणाऱ्यांना नोटिसा काढल्या आणि त्याच महिन्याच्या अखेरीस वॉकीटॉकीच्या विक्रीसाठी मार्गदर्शक सूचना जाहीर केल्या. सेट कोणत्या फ्रिक्वेन्सीवर चालतो, परवाना लागतो की नाही, सरकारी मंजुरी आहे की नाही, हे विक्रेत्याने सांगितले पाहिजे, असा त्यांचा रोख आहे. ही मंजुरी दूरसंचार विभागाची वायरलेस शाखा देते. बाजारात तिला ईटीए म्हणतात.

मग परवान्याशिवाय काहीच घेता येत नाही का? येते. सरकारने दोन पट्टे खुले ठेवले आहेत. पहिला २७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा सिटिझन बँड. २००५ च्या नियमांनी तो ५ वॅटपर्यंत परवानामुक्त झाला. पण या फ्रिक्वेन्सीची लहर ११ मीटर लांब, त्यामुळे तिला अँटेनाही लांब लागतो. हातातल्या छोट्या सेटला हा पट्टा फारसा मानवत नाही आणि मालही सहज मिळत नाही. दुसरा पट्टा ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचा, कमी ताकदीच्या सेटसाठी २०१८ च्या नियमांनी मोकळा केलेला. हे सेट साधारण अर्ध्या वॅटचे असतात आणि त्यांचा अँटेना काढता येत नाही. मुलांच्या खेळाला, रानातल्या कामाला किंवा लग्नात मांडवापासून भटारखान्यापर्यंत निरोप द्यायला हाच सेट योग्य. घेताना ईटीए क्रमांक मात्र मागावा. खोक्यावर नुसते 'लायसन्स फ्री' छापलेले असेल तर ते 'पक्का रंग' छापलेल्या कापडासारखे समजावे. धुतल्यावर कळते.

बाजारात सर्वात जास्त खपणारा माल वेगळाच आहे. बाओफेंग कंपनीचा ८८८एस हा सोळा चॅनेलचा सेट जोडीने आणि स्वस्तात विकला जातो. तो ४०० ते ४७० मेगाहर्ट्झपर्यंत कुठेही बोलू शकतो, आणि कारखान्यातून येतानाच त्याच्यात ४६२ च्या आसपासचे चॅनेल भरलेले असतात. म्हणजे बटण दाबल्या दाबल्या तुम्ही खुल्या पट्ट्याच्या बाहेर! दुसरा त्याच कंपनीचा यूव्ही-५आर. २०१२ पासून जगभर गाजलेला, रेडिओच्या शौकिनांचा आवडता. तो १३६ ते १७४ आणि ४०० च्या पुढच्या मोठ्या टप्प्यात बोलतो. पोलीस व इतर सरकारी खात्यांच्या वायरलेसचे कामही याच टप्प्यांत चालते. शिकाऊ मुलाने चुकीचा आकडा दाबला तर तो कोणाच्या बोलण्यात शिरेल सांगता येत नाही. सेट वाईट नाही. परवाना नसलेल्या हातात तो वाईट.

हा परवाना म्हणजे हौशी रेडिओचा, ज्याला हॅम म्हणतात. वय १२ पुरे झाले की परीक्षेला बसता येते. इलेक्ट्रॉनिक्सची प्राथमिक माहिती आणि रेडिओचे नियम, एवढाच अभ्यास. खालच्या ग्रेडला मोर्सचे कट्ट-कडकट्टही लागत नाही. दहावीचे विज्ञान समजलेल्या मुलाला जड जाऊ नये. पास झाल्यावर व्हीयू अक्षरांनी सुरू होणारे स्वतःचे नाव मिळते, आणि १४४ ते १४६ व ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ हे पट्टे उघडतात. मग यूव्ही-५आरसारखा सेट घ्यायला अर्थ आहे. हा पोरखेळही नव्हे. डिसेंबर २००४ मध्ये दिल्लीच्या भारती प्रसाद हौशी रेडिओच्या मोहिमेसाठी अंदमानात गेल्या होत्या. त्सुनामीने फोन बंद पडले तेव्हा त्यांच्याच संचावरून बेटांवरचे निरोप मुख्य भूमीवर पोचले.

व्यापारी बंधूंसाठी एक गोष्ट येथेच सांगून टाकतो. हॅम परवान्यावर धंद्याचे बोलणे चालत नाही. "टेम्पो निघाला, दोन गाठी उतरवून घ्या" एवढेही नाही. सांकेतिक भाषाही मना आहे. धंद्यासाठी एकतर ४४६ चा खुला सेट वापरावा, नाहीतर त्यासाठीचा वेगळा परवाना काढावा.

आता पल्ल्याविषयी. जाहिरातीत दहा, वीस, चाळीस किलोमीटर लिहिलेले असते. या लहरी जवळपास सरळ रेषेत जातात, म्हणून पल्ला वॅटपेक्षा उंचीवर ठरतो. माणूस जमिनीवर उभा, सेट तोंडाशी दीड मीटरवर, तर त्याच्या बाजूने साधारण ५ किलोमीटर धरावेत. दोघेही तसेच असतील तर मोकळ्या माळावर दहा. एक जण १२ मीटर उंच गच्चीवर गेला तर त्याच्या पाचाचे चौदा होतात. वॅट चौपट केले तरी मोकळ्या हवेत अंतर फक्त दुप्पट होते, आणि आडोसा आला की तेही नाही. पणदऱ्याकडे आडोसा म्हणजे ऊस. डोक्यावरून वर गेलेला, पाण्याने भरलेला पाला लहर शोषून घेतो, ४०० च्या पट्ट्यात जास्त, १४४ च्या पट्ट्यात कमी. उभ्या उसात अर्ध्या वॅटचा सेट एक-दीड किलोमीटर गेला तरी समाधान मानावे. तोडणी होऊन रान मोकळे झाले की तोच सेट पुढे जाईल. पणदऱ्याच्या रानातून बारामतीच्या बाजारपेठेत हातातल्या सेटवरून हातातल्या सेटवर बोलू असे कोणी सांगत असेल तर त्याला प्रत्यक्ष बोलून दाखवायला सांगावे.

गुपित बोलण्याची आशाही ठेवू नये. 'प्रायव्हसी कोड' नावाची सोय दुसऱ्यांचा आवाज तुमच्या कानावर येऊ देत नाही इतकेच. तुमचे बोलणे ज्याला ऐकायचे तो ऐकतोच.

सेट हातात आल्यावर आधी बॅटरी पाहावी. लेबलावर वाटेल तो आकडा छापतात, म्हणून दुसरी बॅटरी किंमतीसह विचारून ठेवावी. यूव्ही-५आरच्या अँटेनाचा आटा नेहमीच्या सेटच्या उलटा असतो, तेव्हा जादा अँटेना घेताना सेट बरोबर न्यावा. नामांकित नावाचे नकली अँटेनाही पुष्कळ आहेत. चॅनेल भरण्याची केबल स्वस्तातली घेतली तर तिच्यातली नकली चिप कॉम्प्युटर ओळखत नाही. चर्प हे सॉफ्टवेअर मात्र फुकट मिळते. ज्याला ऐपत आहे आणि ज्याने परीक्षा दिली आहे त्याने याएसू किंवा आयकॉम या जपानी मालाचा विचार करावा. किंमत कितीतरी पट, पण आवाज स्वच्छ आणि शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर घाण कमी.

पावतीवर मॉडेल, फ्रिक्वेन्सी आणि ईटीए क्रमांक लिहून घ्यावा. दुकानदार लिहून देत नसेल तर पुढच्या दुकानात जावे. पावतीची आणि हॅम परवाना असल्यास त्याची झेरॉक्स सेटच्या पिशवीतच ठेवावी, घरच्या कपाटात नव्हे.